ठायी : ख्रिस्ती श्रद्धा आणि यंत्रबुद्धीचे स्थान

(ग्रंथालयाच्या वाचकसभेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



ख्रिस्ती श्रद्धा आणि कृत्रिम बुद्धिमत्ता हा विषय संयोजकांनी मला दिला, तेव्हा प्रथम थोडे आश्चर्यच वाटले. मी ख्रिस्ती नाही, आणि संगणकशास्त्राचे शिक्षणही मी घेतलेले नाही. माझा व्यवसाय भाषांतराचा. गेली काही वर्षे ख्रिस्ती तत्त्वविचारावरील ग्रंथ मराठीत आणण्याचे काम माझ्याकडे येत राहिले, आणि त्याच वर्षांत भाषांतर करणारी यंत्रेही माझ्या टेबलापर्यंत येऊन पोहोचली. या दोन्ही गोष्टींची माझ्यापुरती भेट झाली ती शब्दांच्या कामात. म्हणून मी शब्दांच्या बाजूनेच बोलणार आहे. धर्मशास्त्राचा निवाडा करण्याचा माझा अधिकार नाही.

ही भेट आजकालची आहे अशी एक समजूत आहे. वस्तुतः ख्रिस्ती धर्मपंडित आणि गणकयंत्र यांची गाठ पडून पाऊणशे वर्षे होऊन गेली. ती कशी पडली याची हकीकत विस्ताराने सांगण्याजोगी आहे, आणि आजच्या वादात जे काही विचारले जाते त्यातील बरेचसे तिच्यात आधीच येऊन गेले आहे असे मला वाटते.

रोबेर्तो बुसा हे इटलीतील जेझुइट धर्मगुरू. जन्म १९१३ चा, विचेन्झा येथला. सेमिनरीत त्यांचे सहाध्यायी होते आल्बिनो लुचानी, जे पुढे १९७८ मध्ये पहिले जॉन पॉल या नावाने अवघे तेहेतीस दिवस पोप होते. बुसा यांनी डॉक्टरेटसाठी विषय निवडला तो तेराव्या शतकातील थोर तत्त्ववेत्ते संत थॉमस अक्वायनस यांच्या विचारातील 'सान्निध्य' ही कल्पना. ईश्वर सृष्टीत असतो, आत्मा देहात असतो, प्रिय व्यक्ती प्रेम करणाऱ्याच्या अंतरात असते. या 'असण्या'चा अर्थ काय, असा तो प्रश्न. कोणीही करील तेच बुसा यांनी प्रथम केले. 'उपस्थित', 'उपस्थिती' या अर्थाचे लॅटिन शब्द त्यांनी सूचींमधून शोधून काढले. थोड्याच दिवसांत त्यांच्या ध्यानात आले, की हे शब्द थॉमसच्या लेखनात कडेकडेने येतात. त्याचा सान्निध्याचा सारा विचार 'इन्' या एवढ्याशा शब्दयोगी अव्ययात साठलेला आहे.

मराठी वाचकाने येथे क्षणभर थांबावे. लॅटिनमधले 'इन्' नामाच्या आधी येते, आणि त्यामागून येणाऱ्या नामाची विभक्ती बदलली की अर्थही बदलतो. एका विभक्तीने 'घरात असणे' कळते, दुसरीने 'घरात शिरणे'. आपल्याकडे हे काम 'त' हा प्रत्यय करतो, 'आत' करतो, 'मध्ये' करतो, आणि या सर्वांहून निराळे असे एक जुने रूप करते: 'ठायी'. पाण्यात मासा असतो, पेटीमध्ये कपडे असतात. पण दया असते ती आईच्या ठायी. संत पौलाच्या पत्रांतून वारंवार येणाऱ्या एका प्रयोगासाठी जुन्या मराठी भाषांतरांत 'ख्रिस्ताच्या ठायी' असे रूप आढळते. ज्याने कोणी ते प्रथम योजले त्याच्या कानाला मी मनोमन नमस्कार करते.

तर बुसा यांनी 'इन्' किंवा त्याच्याशी निगडित शब्द असलेली वाक्ये हाताने लिहून काढली. एका पत्रावर एक वाक्य, अशी दहा हजार पत्रे झाली. ती मांडायची, हलवायची, पुन्हा मांडायची, जणू एकट्याने खेळायचा पत्त्यांचा डाव. प्रबंध १९४६ मध्ये सिद्ध झाला. पण एका अव्ययासाठी जर एवढे कष्ट, तर थॉमसच्या प्रत्येक शब्दाची सूची कोणी करावयाची? लक्षावधी शब्दांचा तो संभार. १९४९ मध्ये बुसा न्यूयॉर्कला जाऊन आयबीएम कंपनीचे प्रमुख थॉमस वॉटसन यांना भेटले. हे काम यंत्राला साधणार नाही, असा कंपनीतील तज्ज्ञांचा अभिप्राय वॉटसन यांच्यापुढे होता. प्रतीक्षाकक्षात कंपनीचेच एक घोषवाक्य छापलेला कागद बुसा यांना सापडला होता: अवघड असेल ते ताबडतोब करू, अशक्य असेल त्याला थोडा वेळ लागेल, अशा अर्थाचा. तो त्यांनी वॉटसन यांच्यापुढे ठेवला. वॉटसन हसले आणि कबूल झाले. मात्र आमच्या कंपनीच्या नावात तुमचे नाव घुसवू नका, अशी अट त्यांनी थट्टेने घातली. ही हकीकत बुसा स्वतःच सांगत असत.

थोडा वेळ लागला तो तीस वर्षांचा. सूचीचे पहिले खंड १९७४ मध्ये निघाले आणि १९८० च्या सुमारास छप्पन्न खंडांत ती पुरी झाली. या कामाचा हिशेब बुसा यांनी पुढे मांडला आहे. यंत्र चालले ते दहा हजारांहून कमी तास. माणसे राबली ती दहा लाखांहून कितीतरी अधिक तास. संगणकाने मानव्यविद्येतील कष्ट वाचतात, ही कल्पनाच त्यांना मान्य नव्हती. संगणक आला म्हणजे अधिक खोल आणि अधिक व्यापक प्रश्न विचारता येतात, आणि म्हणून अधिक काम करावे लागते, असे त्यांचे म्हणणे. एका मराठी शब्दाचे उदाहरण घ्या. 'वर' हा शब्द पानावर दिसला की यंत्र त्याची नोंद करील. पण तो 'टेबलावर'मधला वर, की देवाने दिलेला वर, की बोहल्यावर उभा राहिलेला वर, हे त्या काळच्या यंत्राला कोणीतरी सांगावे लागे. लॅटिनमधील लक्षावधी रूपांबाबत असे सांगणारी माणसे त्या दहा लाख तासांत बसलेली होती.

ती माणसे कोण होती? मिलानजवळच्या गालाराते या गावी १९५० च्या दशकात बुसा यांनी पंच-कार्डांना छिद्रे पाडण्याचे काम शिकविणारी शाळा काढली. तेथे काम करणाऱ्यांत बहुसंख्य तरुण मुली होत्या. बुसा यांच्या एका सहकाऱ्याने लिहून ठेवले आहे, की त्यांनी मुद्दाम लॅटिन न येणाऱ्या मुली निवडल्या. लॅटिन जाणणारी व्यक्ती ओळखीच्या मजकुरावर बेफिकीर होते आणि चुका करते. न जाणणारी प्रत्येक अक्षर बघते. व्यवस्थापनाच्या दृष्टीने हे चतुर म्हणावे लागेल. मला मात्र ते वाचताना अस्वस्थ वाटले. ईश्वराच्या सान्निध्याविषयी जगातील एका थोर मनाने लिहिलेली वाक्ये रोज या मुलींच्या बोटांखालून जात होती, आणि त्यांनी ती समजून न घेणे हाच त्यांचा गुण मानला गेला होता. त्यांचे काम नोंदले जाऊ लागले, त्यांच्यापैकी हयात असलेल्या स्त्रियांच्या मुलाखती घेतल्या गेल्या, ते गेल्या दहा-पंधरा वर्षांत. बुसा यांच्याविषयी मला पूर्ण आदर आहे. तरी ही गोष्ट त्या आदराखाली झाकावी असे मला वाटत नाही.

येथे केडगावची आठवण होणे साहजिक आहे. पंडिता रमाबाई हिब्रू आणि ग्रीक शिकल्या, आणि सगळे बायबल त्यांनी सोप्या मराठीत आणले. एप्रिल १९२२ मध्ये त्यांचा मृत्यू झाला, त्याच्या थोडे आधी ते काम हातावेगळे झाले. ते छापले गेले मुक्तिसदनाच्या छापखान्यात, आणि खिळे जुळविणाऱ्या होत्या तिथल्याच स्त्रिया. विधवा, दुष्काळात सापडलेल्या, कोणी टाकलेल्या. त्यांनाही हिब्रू येत नव्हते. परंतु ज्या मजकुराचे खिळे त्या जुळवीत तो त्यांच्याचसाठी सोपा केलेला होता; साध्या बाईला वाचून कळावे हाच भाषांतराचा हेतू होता. दोन छापखान्यांतला नव्हे, दोन हेतूंतला हा फरक आहे, आणि यंत्राचा विचार करताना तो मला फार उपयोगी पडतो.

आजच्या यंत्रांमागेही असेच न दिसणारे हात आहेत. २०२३ च्या जानेवारीत 'टाइम' नियतकालिकाने केनियातील कामगारांची हकीकत छापली. बोलक्या यंत्राने अभद्र काही बोलू नये म्हणून हिंसेची आणि अत्याचाराची वर्णने वाचून त्यांवर खुणा करीत बसणे हे त्यांचे काम, आणि मजुरी ताशी दोन डॉलरांहून कमी. ख्रिस्ती विचाराला हा विषय परका नाही. याकोबाच्या पत्रात शेतमजुरांची अडवून ठेवलेली मजुरीच धन्याविरुद्ध आक्रोश करते असे म्हटले आहे. तेरावे लिओ यांनी १८९१ मध्ये 'रेरुम नोव्हारुम' हे परिपत्रक काढले ते कारखान्यांतील कामगारांच्या प्रश्नावर; आणि मे २०२५ मध्ये निवडून आलेल्या पोपनी चौदावे लिओ हे नाव घेतले, तेव्हा दोनच दिवसांनी कार्डिनलांना त्याचे कारण सांगताना याच परिपत्रकाचा आणि कृत्रिम बुद्धिमत्तेने श्रमापुढे उभ्या केलेल्या प्रश्नांचा उल्लेख केला. यंत्र प्रार्थना करू शकेल काय, हा प्रश्न चर्चेला मोठा मौजेचा. पण ज्याच्या घामावर ते यंत्र चालते त्याला काय मिळते, हा प्रश्न श्रद्धेच्या दृष्टीने अधिक जुना आहे, आणि मला तरी आधीचा वाटतो.

आता बुद्धीकडे वळू. २८ जानेवारी २०२५ रोजी व्हॅटिकनच्या दोन विभागांनी मिळून 'अँटिक्वा एत नोव्हा' हे टिपण प्रसिद्ध केले. २८ जानेवारी हा थॉमस अक्वायनसचा स्मृतिदिन. त्या टिपणात थॉमसचाच एक जुना भेद पुन्हा पुढे आणला आहे. एक शक्ती पायरी पायरीने शोध घेते, तुलना करते, अनुमान काढते. दुसरी सत्य एकदम आतून पाहते. पहिलीला लॅटिनमध्ये 'रात्सिओ' म्हणतात, दुसरीला 'इन्तेल्लेक्तुस'. मी पहिलीला 'तर्कबुद्धी' आणि दुसरीला 'प्रज्ञा' असे म्हणते. माणसात या दोन निराळ्या वस्तू नव्हेत, एकाच बुद्धीचे ते दोन व्यापार होत. त्या टिपणाचे म्हणणे थोडक्यात असे, की यंत्रातील बुद्धिमत्ता हे मानवी बुद्धीचे कृत्रिम रूप समजू नये. ती मानवी बुद्धीने घडविलेली वस्तू समजावी. 'कृत्रिम बुद्धिमत्ता' हा आपला शब्द इंग्रजीवरून घडविलेला, आणि तो आता रूढ झाला. मला तो पसंत नाही. कृत्रिम फुलाला आपण फूल म्हणतो कारण त्याने फसावे अशीच त्याची योजना असते.

थॉमसविषयी दोन गोष्टी जाता जाता सांगते. त्याचे गुरू आल्बर्टस मॅग्नस यांनी बोलणारा पुतळा बनविला होता आणि शिष्याने तो फोडून टाकला, अशी एक दंतकथा उत्तरकाळात प्रचलित झाली. ती खरी मानण्याचे कारण नाही, पण माणसांना ती रचावीशी वाटली हे लक्षात घेण्याजोगे आहे. दुसरी गोष्ट चरित्रात नोंदलेली आहे. डिसेंबर १२७३ मध्ये नेपल्स येथे मिस्साविधी चालू असता त्याला काही अनुभव आला आणि त्यानंतर त्याने लेखणी खाली ठेवली. आपण लिहिलेले सारे आता आपल्याला पेंढ्यासारखे वाटते, असे तो सोबत्याला म्हणाला. तीन महिन्यांनी तो वारला. बुसांच्या सूचीत एक कोटीहून अधिक शब्द आहेत. या तीन महिन्यांचे तिच्यात जवळजवळ काहीच नाही.

अलीकडच्या काही प्रयोगांविषयी तुम्ही वाचले असेल. जून २०२३ मध्ये जर्मनीत फ्यूर्त येथील एका प्रॉटेस्टंट चर्चमध्ये यंत्राने रचलेली उपासना पडद्यावरील आकृत्यांनी चालविली. तीनशेहून अधिक माणसे बसली होती. एप्रिल २०२४ मध्ये अमेरिकेतील एका कॅथलिक संस्थेने प्रश्नांना उत्तरे देणारा एक आभासी धर्मगुरू तयार केला. त्याने एकाचे पापनिवेदन ऐकून क्षमाही देऊन टाकली. गदारोळ झाला, आणि काही दिवसांतच त्या आकृतीच्या अंगावरचा धर्मगुरूचा वेष उतरविण्यात आला. त्याच वर्षी स्वित्झर्लंडमध्ये लुझर्न येथील सेंट पीटर चॅपेलमध्ये पापनिवेदनाच्या लाकडी कोनाड्यात येशूची बोलणारी प्रतिमा बसविली गेली. ती सुमारे शंभर भाषा बोलत असे. हा कलेचा प्रयोग आहे, संस्कार नव्हे, हे चॅपेलने स्पष्ट केले होते. दोन महिन्यांत हजारावर माणसे तिच्याशी बोलून गेली, आणि अभिप्राय देणाऱ्या दोनशे तीसांपैकी सुमारे दोनतृतीयांश लोकांनी आपल्याला आध्यात्मिक अनुभव आला असे सांगितले.

या आकड्याला हसण्याचा मोह आवरावा. लाकडी कोनाड्यात जाऊन कोणाशी तरी बोलावेसे वाटणाऱ्या माणसांची ती संख्या आहे. दुसऱ्या बाजूला कोणीच बसलेले नाही हे माहीत असूनही ती गेली. पलीकडे बसायला माणसे कमी पडतात, हे युरोपातील सत्य आहे.

तरी माझे मत सांगते. यंत्र चुकीची उत्तरे देते म्हणून ते देवळात नको, हा युक्तिवाद मला दुबळा वाटतो. ज्या दिवशी ते चुकेनासे होईल त्या दिवशी तो कोसळेल. भाषांतराच्या बाबतीत तो दिवस फार दूर नसावा. पौलाचे वाक्य मी यंत्राला देऊन पाहिले, तेव्हा त्याने 'ख्रिस्तामध्ये' असे स्वच्छ मराठी दिले. चूक कोठेच नव्हती. उसने शब्द वापरणे वाईट, हाही आक्षेप टिकत नाही. स्तोत्रसंहितेतील प्रार्थना हजारो वर्षे माणसे आपल्या म्हणून म्हणत आली आहेत. आईच्या प्रेताशेजारी बसलेल्या मुलाला शब्द सुचत नाहीत म्हणून त्याने यंत्राकडून चार ओळी लिहून घेतल्या आणि त्या मनापासून म्हटल्या, तर त्यात मला काही अशुद्ध दिसत नाही. 'आमेन' तो म्हणतो आहे.

अडचण येते ती दुसऱ्या टोकाला, ऐकणाऱ्याच्या जागी. पापनिवेदन म्हणजे माहितीची देवघेव नव्हे. ऐकणाऱ्यालाही पाप ठाऊक असते. तो ते गुप्त ठेवण्यास बांधलेला असतो, आणि ती शपथ मोडली तर त्याचे काहीतरी जाते. दूरध्वनीवरूनही हा संस्कार होत नाही अशी कॅथलिक ख्रिस्तसभेची परंपरागत भूमिका आहे. समोर माणूस हवा, देहाने हवा. पूर्वी मला हा कर्मठपणा वाटे. पण ज्या धर्माच्या मध्यभागी ईश्वराने मानवी देह घेतला ही श्रद्धा आहे, त्याने देहाच्या उपस्थितीवर अडून बसावे हे त्याच्या तर्काला धरूनच आहे. यंत्राचे काहीच जात नाही. ते कोणाच्या ठायी नसते आणि त्याच्या ठायी कोणी नसते. प्रवचनालाही हेच लागू आहे, कारण प्रवचन ही साक्ष असते. संदर्भ शोधायला, जुन्या भाष्यकारांची मते गोळा करायला प्रवचनकाराने यंत्र खुशाल वापरावे. बुसा यांनीच ती वाट घालून दिली. परंतु मी असे मानतो, मी असा जगलो, हे वाक्य यंत्राने लिहून दिले तर ते खोटे ठरते, मग त्यातील प्रत्येक शब्द बरोबर का असेना.

आपल्या देशाच्या संदर्भात एक धोका मला विशेष जाणवतो. लहान लहान भाषांत धर्मग्रंथ यंत्राने झटपट उतरविता येतील, हा उत्साह समजण्यासारखा आहे. पण आपण हे एकदा पाहिले आहे. विल्यम कॅरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बंगालमध्ये सेरामपूर येथे बसून, पंडितांच्या साहाय्याने, अनेक भारतीय भाषांत बायबल छापले. मराठी नवा करार १८११ चा. कॅरी यांची विद्वत्ता आणि कष्ट यांविषयी शंका नाही. तथापि तो मराठी प्रदेशापासून शेकडो कोस दूर तयार झाला, आणि मुंबईच्या अमेरिकन मिशनऱ्यांना काम नव्याने करावे लागले. त्यांचा नवा करार १८२६ मध्ये आला. याउलट त्याहून दोन शतके आधी गोमंतकात थॉमस स्टीफन्स यांनी 'क्रिस्तपुराण' रचले, ते ऐकणाऱ्यांच्या शेजारी राहून. स्वर्गासाठी त्यांनी 'वैकुंठ' हा शब्द घेतला. तो योग्य की अयोग्य यावर वाद होईल. त्यांनी तो घेतला तेव्हा ऐकणाऱ्यांच्या चेहऱ्यावर काय उमटले हे मात्र त्यांना दिसत होते.

माझ्या टेबलावर यंत्राला जागा आहे. चारशे पानांच्या हस्तलिखितात एका मूळ शब्दासाठी मी कोठे 'कृपा' लिहिले, कोठे 'अनुग्रह' आणि कोठे 'प्रसाद', हे ते क्षणात काढून देते. पूर्वी त्याला आठवडा जाई. मग त्या तीन शब्दांपुढे मी बसते. 'अनुग्रह' म्हटले की मराठी कानाला गुरू ऐकू येतो, 'प्रसाद' म्हटले की हातावर काहीतरी पडते, आणि 'कृपा' ख्रिस्ती कुटुंबांत पिढ्यान् पिढ्या प्रार्थनेत म्हटली गेली आहे. आठवडा अजूनही जातो, तो येथे जातो.

वेळ संपत आली आहे आणि श्रोत्यांकडून दोन चिठ्ठ्या आल्या आहेत. 'ठायी' हा शब्द आता जुना झाला, आजच्या तरुण वाचकाला 'मध्ये' पुरेसे नाही काय, असे एकीत विचारले आहे. प्रश्न रास्त आहे. प्रथम त्याचेच उत्तर देते.